डावीकडची कडी

रविवार, २७ एप्रिल
संध्याकाळ

प्रिय ताई,

नमस्कार. तू, भावोजी आणि मुलं मजेत असाल असं धरून चालतो. भावोजींची टाच आता बरी झाली असेल. नसेल तर त्यांना सांग, या वयात माणसाने जिन्याशी शर्यत लावू नये. इकडे आम्ही ठीक. तुझी भावजय तुझ्यावर थोडी रुसली आहे, कारण तिच्या वाढदिवसाला फोन केलास आणि सगळा वेळ माझ्याशीच बोललीस. तिची समजूत तू काढ, ते माझ्या आवाक्याबाहेरचं काम आहे. बाबा आता आतल्या खोलीत झोपलेत. दमलेत. मीही दमलोय, पण हे पत्र आज लिहिलं नाही तर पुन्हा लिहिणार नाही.

घरोघरी फोन असताना या शहाण्याला पत्र कुठून सुचलं, असं तू म्हणशील. फोनवर माझ्याच्याने होत नाही. बाबा शेजारी बसलेले असतात, आणि मी हं, हो, बघू, एवढंच करत राहतो. गावच्या शाळेत आपल्या मास्तरांनी सांगितलं होतं, तोंडाने अवघड जातं ते कागदावर सांगावं, कागद मध्येच बोलत नाही. तू मध्येच बोलतेस, ताई. राग मानू नकोस.

गेल्या आठवड्यात तू विचारलंस, "एका शब्दात सांग, बाबांचं डोकं खरंच गेलंय का? हो म्हणालास तर मी त्या बाईंना खोली पक्की करायला सांगते." त्या वृद्धनिवासाच्या बाईंना उद्यापर्यंत उत्तर हवं आहे, हे माझ्या लक्षात आहे. एका शब्दाचं उत्तर देतो. पण आधी मी एका सकाळी काय केलं ते सांगू दे.

मार्चच्या पहिल्या रविवारी पहाटे, बाबा झोपलेले असताना, मी त्यांनी आदल्या दिवशी लावलेला सगळा लसूण उपटला आणि एकेक पाकळी सुलटी करून परत लावली.

बाबांनी सगळ्या पाकळ्या टोक खाली करून लावल्या होत्या. शनिवारची अख्खी दुपार ते वाफ्याशी बसले होते, गुडघ्याखाली पोतं घेऊन, पाकळी बोटात धरून ती जमिनीत दाबत. मी तेव्हा पाण्याचं पिंप धूत होतो. जवळ जाऊन पाहिलं तेव्हा वाफे भरत आले होते. मी काही बोललो नाही. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की मला वाटलं, बोलून काय करायचं, सकाळी उठून गुपचूप नीट करून टाकू.

माती गार होती. बोटं बधिर झाली. करता करता मी देवाचं नाव घेत होतो, म्हणजे कामही होतं आणि प्रार्थनाही. मनात आलं, हे किती चांगलं काम आहे, बापाची चूक बापाला कळू न देता पोटात घालायची. मला खरोखर पुण्य केल्यासारखं वाटत होतं, ताई. भिंतीकडची शेवटची ओळ राहिली होती तेवढ्यात दार वाजलं आणि बाबा खोकत बाहेर आले.

"एवढ्या सकाळी काय उकरतोयस?"

"पाणी घालतोय."

"झारी कुठेय?"

झारी पिंपापाशी होती. मी म्हणालो, "आणायलाच निघालो होतो." ती ओळ तशीच राहिली. नंतर मी ती विसरलो.

तुला शहराबाहेरच्या त्या जागेचं चित्र कळावं म्हणून सांगतो, कारण आई गेल्यानंतर तू तिथे एकदाच आली आहेस, तीही एका दिवसासाठी. दोन खोल्या, वर पत्रा, मागे उतारावर एक झाड, पुढे सहा वाफे आणि फाटक. बाबांनी निवृत्त झाल्यावर तो तुकडा घेतला तेव्हा आई म्हणाली होती, "आयुष्यभर बस चालवली, आता हे घर चालवून बघा, जागचं हलतंय का." थंडीत आम्ही जात नाही. वसंत सुरू झाला की बाबांच्या अंगात येतं. शनिवारी सकाळी मी उठतो तोवर ते पायात बूट घालून दाराशी बसलेले असतात. हातात पिशवी, पिशवीत बी, खिळे, जुनी बिजागरी, दोरीची गुंडाळी. कोणाच्या तरी गच्चीवरून टाकून दिलेली फळी जिन्याखाली उभी असते. ती गाडीत तिरकी घालायची, आणि तिचं टोक माझ्या कानाशी येईल अशा बेताने मी गाडी चालवायची. बाबा शेजारी बसून सगळ्या वाटेत "गिअर बदल, गिअर बदल" म्हणत राहतात. माझी बायको म्हणते, सरकारने यांना निवृत्त केलं, पण यांनी स्टेअरिंगला कुठे निवृत्त केलंय?

तिथे पोचल्यावर दाराच्या आतल्या बाजूला ते खडूने बेत लिहितात. बाक. फाटकाची कडी. घेवड्याला मांडव. खताची पेटी. पक्ष्यांना पाणी. हा बेत दोन दिवसांचा म्हणून लिहिलेला असतो आणि एखाद्या कारखान्याला महिनाभर पुरेल. ते करवत घेतात, मी फळी धरतो. ते खड्डा सांगतात, मी खणतो. तुझी भावजय मध्येच चहा आणते आणि माझ्याकडे बघून म्हणते, "तुम्ही सुट्टीला आलाय की शिक्षेला?" बाबा म्हणतात, "ऊन खातोय तो. आठवडाभर ट्यूबलाइटखाली पिवळा पडतो."

ते खरं आहे. माझं काम तुला ठाऊकच आहे. कारखान्यात कपडे शिवून झाले की सगळ्यांत शेवटी माझ्या टेबलावर येतात. लोंबणारे धागे कापायचे, वाकडी टीप दिसली तर उसवून परत मारायची, सैल बटण घट्ट करायचं. ज्याने शिवलं त्याला कळतही नाही आणि जो घालतो त्यालाही नाही. इतकी वर्षं हेच केलं की हाताला दुसरं वळण राहत नाही. वाकडं दिसलं की बोटं पुढे जातात.

लसणापासून सुरुवात झाली खरी, पण तिथे थांबलो नाही. बाबांनी खताच्या पेटीची फळी वरखाली ठोकली, मी पहाटे उठून सरळ केली. घेवड्याच्या मांडवाचे बांबू कलले होते, मी परत रोवले. बाबा दुपारी डोळा मिटून पडले की मी बाहेर, आणि रविवारी निघताना "कुलूप बघून येतो" म्हणून मी मागे राहायचो ते हात फिरवायलाच. मग फोटो काढून तुला पाठवायचो. तू लिहायचीस, "बाबांचा हात या वयात सरळ झाला की रे!" मी ते त्यांना वाचून दाखवायचो. ते खूश व्हायचे. मला वाटायचं, सगळ्यांचंच चांगलं चाललंय, माझ्या पाठीचं सोडून.

हे एका माणसाने पाहिलं होतं. पलीकडे एक बाई शेळ्या पाळतात, बाबा त्यांना शेळीवाल्या बाई म्हणतात. त्या पहाटे धारा काढायला उठतात. एकदा कुंपणावरून म्हणाल्या, "तुमच्याकडे दोन सुतार आहेत वाटतं. एक दिवसाचा, एक पहाटेचा." मी हसून ओठांवर बोट ठेवलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बघा बुवा. माझ्या शेळीला मी रोज नवीन खुंटीला बांधली तर ती दूध द्यायची थांबते."

मी तेव्हा ते बोलणं शेळीचंच समजलो.

आता कडीचं सांगतो. हे लिहायला मला जड जातंय, म्हणून भावोजींच्या टाचेपासून सुरुवात केली, हे तुझ्या ध्यानात आलं असेल.

फाटकाला बाबांनी कडी लावली ती डाव्या बाजूला, खाली, जवळजवळ मांडीच्या उंचीवर. कोणी फाटकाला तिथे कडी लावतं का? शिवाय तिरकी. पुढच्या पहाटे मी ती काढली, उजव्या बाजूला, छातीच्या उंचीवर, जिथे असायला हवी तिथे बसवली. जुनी भोकं लाकडाच्या भुशात डिंक कालवून बुजवली आणि वर रंगाचा हात मारला. काम इतकं साफ झालं होतं की माझ्या टेबलावरूनही पास झालं असतं.

त्या रविवारी निघताना फाटक मीच लावलं. पुढच्या शनिवारी आम्ही पोचलो. बाबा नेहमीप्रमाणे आधी उतरले आणि फाटकाशी गेले. त्यांचा हात डावीकडे खाली गेला. तिथे काही नव्हतं. हात तिथेच फिरत राहिला, अंधारात माणूस दिव्याचं बटण चाचपतो तसा. मग त्यांनी वाकून पाहिलं. मग वर पाहिलं.

"मी इथे लावली होती ना?"

आणि ताई, मी म्हणालो, "नाही बाबा. तुम्ही उजवीकडेच लावली होती."

अगदी सहज म्हणालो. जसं "झारी आणायलाच निघालो होतो" म्हणालो होतो तसंच. ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले, मग हसले. "म्हातारा झालो रे," म्हणाले. उजव्या कडीला हात नेताना त्यांचा खांदा दुखला, तोंड कसंनुसं झालं, तेही मी पाहिलं. पण पाहिलेलं मनापर्यंत जायला कधी कधी आठवडे लागतात.

त्यानंतर बाकाचं झालं. बाबांनी बाक केला होता, त्याचे एका बाजूचे पाय आखूड. मी म्हटलं, डोळ्यांना दिसत नाही, माप चुकलं. लांब पाय कापून सगळे सारखे केले. मग तो बाक आम्ही मागे झाडाखाली उतारावर ठेवला आणि तो एका अंगावर कलला. बाबा त्याच्याभोवती फिरले. खाली बसून पायांवर हात फिरवला. त्या संध्याकाळी जेवताना म्हणाले, "मला वाटत होतं, मी उताराचं माप घेऊन पाय कापले होते." मी भातात लक्ष घातलं. तुझ्या भावजयीने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं नाही.

तिथून ते बदलले. प्रत्येक गोष्टीला "हे मी केलं?" असं विचारायला लागले. "हो" म्हटलं तरी अविश्वास, "नाही" म्हटलं तरी अविश्वास. शहरातल्या घरीही तेच. चष्मा टेबलावर ठेवायचे आणि मग मला विचारायचे, "मी टेबलावरच ठेवला ना? तू बघितलंस ना?" खडूने बेत लिहिणं बंद झालं. दारावरचा जुना बेत त्यांनी ओल्या फडक्याने पुसून टाकला. शनिवारी तिथे जायचे, पण मांडीवर हात ठेवून पायरीवर बसून राहायचे. मी म्हणायचो, "बाबा, पक्ष्यांच्या पाण्याचं राहिलंय." ते म्हणायचे, "तू कर. माझ्या हातून काय होईल याचा भरवसा नाही."

मग त्यांनी तुला फोन केला. तू रडत मला सांगितलंस, की बाबा म्हणाले, मला कुठेतरी नेऊन ठेवा, माझं डोकं राहिलं नाही, धाकट्याला माझ्यामागे फार धावावं लागतं. डॉक्टरांकडेही तेच. डॉक्टरांनी वार विचारला, महिना विचारला, उलटे आकडे म्हणायला लावले. बाबांनी सगळं बरोबर सांगितलं आणि वर म्हणाले, "हे येतं हो. पण मी केलेलं काम मला आठवतं एक आणि असतं भलतंच. लिहा, डोकं गेलंय." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. होकाराची.

आता जे मी कोणालाच सांगितलेलं नाही ते सांगतो.

तुझ्या मैत्रिणीच्या ओळखीने ती खोली निघाली तेव्हा मी एकटाच ती बघून आलो. मी तुला म्हणालो होतो, वेळ झाला नाही. खोटं. एका बुधवारी अर्धी रजा टाकून गेलो. चांगली जागा आहे. फरशी पुसलेली, पांढऱ्या चादरी, खिडकीशी तीनचार म्हातारे बसलेले, कोणी कोणाशी बोलत नव्हतं पण कोणी रडतही नव्हतं. त्या बाईंनी मला रिकामी खोली दाखवली आणि बोलावणं आलं म्हणून जरा बाहेर गेल्या. मी पलंगावर टेकलो. गादी मऊ होती. ताई, मला वाटलं, इथे बाबा असतील तर शनिवारी सकाळी मी झोपेन. एवढंच. बाबांना इथे करमेल का, हे मनात नंतर आलं. आधी माझी झोप आली. मी तिथे बसल्या बसल्या खरोखर पेंगलो. बाई परत आल्या तेव्हा मला हलवून म्हणाल्या, "खोली कोणासाठी हवी आहे म्हणालात?"

देवासमोर बसलो की मी रोज म्हणतो, मला सेवेचं बळ दे. त्या दिवसापासून ते म्हणताना मी मध्येच उठतो. मी बळ मागत होतो आणि बाहेर पडायचं दार शोधत होतो. आणि त्या दाराची कडी मीच हलवली होती, हे मला दिसत असूनही मी बघत नव्हतो. तू "डोकं गेलंय का" असं विचारलंस, तेव्हा "हो" हा शब्द तोंडात तयार होता. फक्त तो उच्चारायचा राहिला होता.

काल शनिवारी आम्ही पुन्हा गेलो. तू म्हणाली होतीस ना, जाण्याआधी एकदा त्यांना तिथे फिरवून आण. मला वाटलं, ही शेवटचीच खेप. बाबा पायरीवर बसले होते. मी वाफ्यातलं तण काढत होतो. लसूण छान वाढला होता, सरळ, हिरवागार, रांगेत उभं केल्यासारखा. तेवढ्यात शेळीवाल्या बाई दूध घेऊन आल्या आणि भिंतीकडे बघून म्हणाल्या, "अहो, त्या ओळीला काय झालं?"

भिंतीकडची ती ओळ उशिरा उगवली होती. पाती आखूड, कुठली डावीकडे कललेली, कुठली उजवीकडे. बाईंनी वाकून एक रोप उपटलं. पांढरा कोंब पाकळीतून खाली गेला होता आणि मग मासे पकडायच्या गळासारखा वळून वर आला होता. त्या हसत सुटल्या. "उलटा लावलाय कोणीतरी! बिचारा जमिनीत जाऊन वाट विचारून परत आलाय."

बाबा पायरीवरून उठले. कितीतरी दिवसांत ते एवढ्या लवकर उठले नव्हते. त्यांनी रोप हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं.

"मीच लावलाय," ते म्हणाले. "टोक खाली. टोक जमिनीत जातं, खुंटीसारखं. सगळा असाच लावला होता मी." मग त्यांनी बाकीच्या वाफ्यांकडे पाहिलं. "मग हा सरळ कसा?"

बाईंनी दुधाची बरणी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. बाबांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "म्हणजे तो मी लावलाच नाही? मला तर आठवतंय, मी दुपारभर बसलो होतो. की तेही..."

ताई, त्या क्षणी मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. कोणाला काही कळलं नसतं. बाबांनी आणखी एक गोष्ट स्वतःच्या डोक्याच्या नावावर मांडली असती आणि उद्या मी तुला "हो" म्हटलं असतं. शेळीवाल्या बाई माझ्याकडेच बघत होत्या. पण त्यांना घाबरून मी बोललो असं नाही. बाबांचा हात रोपाच्या त्या वळलेल्या कोंबावर फिरत होता, आणि मला तो फाटकापाशी चाचपडणारा हात दिसला.

मी म्हणालो, "बाबा, तुम्हीच लावला होता. उलटा. मी पहाटे उठून सुलटा केला."

"सगळा?"

"ही ओळ सोडून. तुम्ही बाहेर आलात म्हणून."

ते फाटकाकडे वळले. मग म्हणाले, "कडी?"

"मी."

"डावीकडे होती?"

"डावीकडेच होती. खाली."

"बाक?"

"मीच कापले पाय."

"गाढवा," बाबा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. "वसंत सुरू झाल्यापासून मी स्वतःला वेडा समजतोय. आणि कडी खाली का लावली होती, विचारलंस? हा खांदा वर जात नाही म्हणून लावली होती."

मी म्हणालो, "सरळ दिसावं म्हणून केलं, बाबा."

"मी केलेलं काही जन्मात कधी सरळ होतं का?"

ताई, मला एकदम आपलं स्वयंपाकघर आठवलं. ती फळी आठवते तुला? बाबांनी ठोकलेली, जिच्यावर ठेवलेला बटाटा आपला आपण चालत टोकाला जायचा आणि तू खाली हात धरून उभी राहायचीस? आईने तिच्या एका बाजूला फडक्याची घडी ठेवली होती. इतकी वर्षं तिने ती फळी तशीच वापरली. बाबांना कोणी हसलं की म्हणायची, "सरळ फळी काय, बाजारात मिळते." बाबांचा हात आधीपासूनच वाकडा होता. तो मी या दोन महिन्यांत तुझ्यासाठी, माझ्यासाठी, फोटोसाठी सरळ करून टाकला, आणि मग ते वाकडे झाले म्हणून त्यांना ठेवायला जागा शोधली.

बाबा पुढे म्हणाले ते मी विसरणार नाही. "इतकी वर्षं गाडी चालवली. रस्ते चुकलो, शिव्या खाल्ल्या. पण मागे उभं राहून कंडक्टरने माझं स्टेअरिंग फिरवलं नाही कधी."

शेळीवाल्या बाई म्हणाल्या, "मी दूध आत ठेवते," आणि तुझ्या भावजयीला घेऊन घरात गेल्या.

बाबा तासभर मागे बाकापाशी जाऊन बसले. मग आले, म्हणाले, "स्क्रूड्रायव्हर दे." मला वाटलं, मला कडी काढायला सांगतात. मी उठलो तर म्हणाले, "तू नाही. तू बस."

मी बसलो. पायरीवर, त्यांच्या जागी. ताई, कारखान्यात दिवाळखोरीची अफवा उठली तेव्हासुद्धा मला इतकं जड गेलं नव्हतं. त्यांच्या बोटांना आता स्पर्श नीट कळत नाही. स्क्रू गवतात पडायचा, ते गुडघ्यावर बसून शोधायचे. मला बसल्या जागेवरून तो दिसायचा. दोनदा मी उठलो आणि दोनदा परत बसलो. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "दिसतोय ना तुला? मग कुठे पडलाय तेवढं सांग. उचलू नकोस." मी सांगितलं, "डाव्या टाचेजवळ." त्यांनी उचलला. हे एवढं मला आधी का सुचलं नाही, कोण जाणे. विचारायचं आणि सांगायचं. माझी आयुष्यभराची सवय न विचारता करून टाकायची. दुपार सरली. मी मनातल्या मनात नाम घेत होतो, पण खरं सांगायचं तर निम्मा वेळ स्क्रूच मोजत होतो.

कडी लागली. डावीकडे, खाली. तिरकी आहे. लावताना फाटक थोडं उचलावं लागतं. बाबांनी ती पाचसहा वेळा लावून काढून पाहिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "इथे लावली होती. मला माहीत होतं."

मी त्यांना पूर्ण बरं ठरवतोय असं समजू नकोस. ते विसरतात. परवा गॅसवर पाणी ठेवून विसरले. शेजाऱ्यांना आईच्या भावाच्या नावाने हाक मारली. नजर कमी झाली आहे, ती मी पुढच्या आठवड्यात दाखवून आणणार आहे, आणि त्या डॉक्टरांकडेही परत जाऊन मान कशासाठी हलवली होती ते सांगणार आहे. पुढे कधी खरोखर त्या खोलीची गरज पडेल, तेव्हा आपण दोघं बसून बोलू. पण आज जे गेलंय ते त्यांच्या वयाइतकंच गेलंय. बाकीचं मी नेलं होतं.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं एका शब्दात उत्तर: नाही.

आणि तुला न विचारता मी एक केलं आहे. आज सकाळी तिथूनच त्या बाईंना फोन लावला आणि खोली दुसऱ्या कोणाला द्या म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, पुन्हा लवकर मिळणार नाही. मी म्हटलं, कळलं. तू चिडशील. चिड. पण चिडून झाल्यावर गाडीत बस आणि मे महिन्यातले दोन शनिवार ये. मी थकलोय, ताई. हे मी तुला वर्षभरापूर्वी सरळ सांगायला हवं होतं. ते न सांगता मी बाबांचं डोकं गेलंय असं सांगायला निघालो होतो. तू ये, फळी धर, "गिअर बदल" ऐक. मी आतल्या खोलीत झोपतो.

फोनवर फोटो पाठवलाय. कडीचा आहे. तिला कोणी हात लावलेला नाही.

आज दुपारी निघताना बाबा दाराशी थांबले, खडू शोधला आणि आत "बाक, पाय परत" असं लिहिलं. मग गाडीत येऊन बसायच्या आधी त्यांनीच फाटक ओढलं, उचललं, वाकले आणि कडी घातली. मी गाडी सुरू केली. "कुलूप बघून येतो" म्हणायला माझं तोंड उघडलं होतं. मिटलं. कडी नीट बसली की नाही ते मी उतरून पाहिलं नाही.

मुलांना आशीर्वाद. भावोजींना नमस्कार.

तुझी वाट बघणारा,
तुझा दमलेला धाकटा